शिष्टरांचा गळा

आमच्या भोंगवलीत माझी पिठाची गिरणी आहे आणि गावच्या भजनी मंडळात मी तबला वाजवतो. बरा वाजवतो. हा 'बरा' मी नम्रपणानं म्हणतोय. मंडळातले लोक तेवढंही म्हणत नाहीत. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती आणि मी गिरणी बंद करून पट्टा बदलत बसलो होतो. दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पांढरी, बारीक काठाची साडी, खांद्याला रेक्झिनची पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट.

"दत्ता ना रे तू?"

"व्हय."

"डावी बाही वर कर."

मी चाळिशीचा, दोन पोरांचा बाप. तरी हातातला पाना खाली ठेवला आणि मुकाट्यानं बाही वर केली. त्यांनी चष्मा सारखा करून माझ्या दंडावरचा लसीचा वण बघितला. "माझाच आहे," त्या समाधानानं म्हणाल्या. "आता ऐक. आमचा तबलजी नोकरीसाठी पुण्याला गेलाय. नाताळात आमच्या गायनसंघाला तबला तू वाजवायचास. शनिवारी चार वाजता, भोरला, माझ्या घरी."

हे विचारणं नव्हतंच. लहानपणी त्या 'दंड पुढे कर' म्हणायच्या, तेव्हाही विचारायच्या नाहीत. मी हो म्हणालो. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "देवळात वाजवा न्हाईतर चर्चमदी वाजवा, पन आदी न्हाणीतला नळ दुरुस्त करा."

त्यांचं कागदोपत्री नाव दयाबाई. पण भोर तालुक्यात त्यांना त्या नावानं हाक मारणारा माणूस मला भेटलेला नाही. आमच्या बाजूच्या खेड्यांत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली, त्यामुळे सगळ्यांच्या त्या शिष्टरच. निवृत्त झाल्यावर भोरला दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. मुलगी नाशिकला होती. भोरच्या एका गल्लीत त्यांचं लहानसं चर्च आहे, मंडळी म्हणाल तर वीस-पंचवीस घरांची. त्या चर्चचा गायनसंघ शिष्टरांच्या ताब्यात होता. ताब्यात म्हणजे शब्दशः ताब्यात.

पहिल्या शनिवारी मी तबला घेऊन गेलो, तर दारातच रांग लागलेली. मला वाटलं, पायताणं काढायला थांबलेत. बघतो तर शिष्टर उंबऱ्यावर बसल्यात, एका हातात बॅटरी, एका हातात स्टीलचा चमचा. प्रत्येकानं पुढं जायचं आणि आ करायचा. चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून त्या घसा बघायच्या आणि निकाल द्यायच्या. "लाल आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, आज गायचं नाही." "हा तळलेलं खाऊन आलाय." पेटी वाजवणारे सुधाकर सर माध्यमिक शाळेत गणित शिकवतात, पोरं त्यांना टरकून असतात. त्यांनीही निमूटपणे आ केला.

"म्या गात न्हाई, शिष्टर. म्या नुसता वाजवनार," मी म्हणालो.

"खोकतोस ना? मग आ कर."

डिसेंबरच्या पंधरा तारखेपासून गायनसंघातल्या सगळ्यांना करंज्या, चकल्या, शेव बंद. त्यांच्याकडं नाताळाचा फराळ आपल्या दिवाळीसारखाच होतो, आणि घरोघरी तो नेमका त्याच आठवड्यात तळला जातो. घरात डबे भरतायत आणि गाणाऱ्यांनी नुसता वास घ्यायचा. सुधाकर सर एकदा खिशात चकलीचा तुकडा ठेवून आले होते. तालमीत भाता ओढता ओढता खिशात कुडकुड आवाज झाला. शिष्टरांनी गाणं थांबवलं नाही, नुसता हात पुढं केला. सरांनी चकली त्यांच्या हातावर ठेवली. शिष्टरांनी ती पिशवीत टाकली आणि पुढचं कडवं सुरू केलं.

गाताना कुणी घाबरलं, की त्या त्याचं मनगट धरायच्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत नाडी मोजायच्या. "शंभराच्या वर आहे. बस खाली. पाणी पी. भिऊन सुई बारीक होत नाही आणि भिऊन सूरही लागत नाही." हे सुईचं वाक्य आमच्या दोन पिढ्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलंय. माझ्या थोरल्यानं तर एकदा मला दाढी करताना ऐकवलं होतं.

आता त्यांच्या चर्चमधली एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. नाताळच्या सकाळी सगळे बाकांवर बसलेले असतात, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. पेटी बंद, तबला बंद. मागच्या दारात एक माणूस उभा राहतो आणि पहिल्या गाण्याची पहिली ओळ एकटा म्हणतो. साथ नाही, सूर द्यायला कुणी नाही. दुसऱ्या ओळीला पेटी, तबला आणि सगळी मंडळी एकदम उठतात. ती पहिली ओळ कैक वर्षं शिष्टर म्हणत होत्या.

पहिल्या वर्षी माझी पाचावर धारण बसली होती. मी तबला पेटीच्या काळी चार पट्टीला लावून ठेवलेला. बाई मोकळ्यावर गाणार, कुठल्या पट्टीत सुरू करतील कोण जाणे, आणि दुसऱ्या ओळीला माझा तबला भलतंच बोलला तर आख्ख्या चर्चसमोर भोंगवलीची अब्रू जायची. मागून त्यांचा आवाज आला. बारीक, उंच, सरळ. मी सुधाकर सरांकडं बघितलं, त्यांनी पेटीच्या काळी चारवर ठेवलेलं बोट मला दाखवलं. बरोबर तिथंच. आमच्या भजनात कसलेले बुवा आहेत, पण कशाचा आधार न घेता असा नेमका सूर लावणारा मी दुसरा बघितलेला नाही. मी खूश होऊन दुसऱ्या ओळीला समेवर असा काही हात मारला, की पाळकसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, मान वळवून बघितलं.

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी उन्हाळ्यात शिष्टरांना गळ्याला गाठ लागली. त्यांनीच आरशात बघितली, त्यांनीच चाचपली, आणि चार महिने कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याची त्यांनी सालटी काढली असती. शेवटी गायनसंघातल्या रूथनं पकडलं. रूथ नसरापूरला औषधांच्या दुकानात काम करते. लहानपणापासून शिष्टरांकडं गाणं शिकली, त्यांना मावशी म्हणते. तिनं सरळ नाशिकला फोन केला, मुलगी आली, आणि दिवाळीच्या आधी पुण्याला ऑपरेशन झालं.

रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी गिरणीवर दोनदा गव्हात ज्वारी मिसळली आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मग रूथचा फोन आला. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. मी गिरणी थांबवली, शेजारच्या टपरीवरून सगळ्या गिऱ्हाइकांना चहा सांगितला. पण रूथनं पुढं आणखी एक सांगितलं. गाठ आवाजाच्या शिरेला चिकटलेली होती. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, पण कसा येईल ते आत्ता सांगता येत नाही.

शिष्टर भोरला परत आल्या त्या गळ्याला रुमाल बांधून आणि हातात पाटी घेऊन. डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय, असं पाटीवर लिहून त्यांनी सगळ्यांना दाखवलं. तालमी मात्र एक दिवस चुकल्या नाहीत. चमचा होता, बॅटरी होती, पाटी होती. चुकलं की त्या चमचा पाटीवर आपटायच्या. हात वर नेला की आवाज वाढवायचा, खाली आणला की कमी करायचा, असं सगळं खुणांवर बसवलं. न बोलणाऱ्या शिष्टर बोलणाऱ्यांपेक्षा जास्त जाचक होत्या. सुधाकर सर एकदा हळूच म्हणाले, "पूर्वी निदान ओरडून मोकळ्या व्हायच्या. आता लिहून दाखवतात आणि पुसतही नाहीत."

पाळकसाहेबांनी रूथला बाजूला घेऊन विचारलं, शिष्टरांचा आवाज आला नाही तर पहिली ओळ तू म्हणशील का? रूथनं मान हलवली. "मावशी असताना मी त्या दारात उभी राहणार नाही." डिसेंबर अर्धा संपला तरी पहिली ओळ कोण म्हणणार हे ठरलं नव्हतं, आणि शिष्टरांसमोर तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

त्याच आठवड्यात त्यांनी मला गाण्यांची वही दिली, पानांचे फोटो काढून सगळ्यांना मोबाईलवर पाठवायला. त्यांच्याच खोलीत खिडकीपाशी बसून मी पानं उलटत होतो. मध्येच दवाखान्याचा कागद निघाला. वाचायला नको होता, पण वाचला. घरी जाताना पाळायच्या सूचना मराठीत छापलेल्या होत्या, मोकळ्या जागा पेनानं भरलेल्या. बोलणे बंद, दहा दिवस. त्यानंतर हळूहळू बोलण्यास सुरुवात करावी.

मी मान वर केली, तर शिष्टर माझ्याकडंच बघत होत्या. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'वाचलंस?'

"व्हय. हितं धा दिवस लिवलंय, शिष्टर. सात आठवडं झालं."

त्यांनी पुसून लिहिलं, 'कुणाला बोलू नकोस.'

"पन का वो?"

त्यांनी पाटी पदरानं पुसली. मग त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही तर?'

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. आख्ख्या तालुक्याला भिऊ नको म्हणून दटावणारी बाई, आणि स्वतः सात आठवडे घाबरून गप्प बसलेली. मग त्यांच्या गळ्यावरच्या रुमालाकडं बघितलं आणि राग ओसरला. एवढी वर्षं त्या गळ्यावरच त्यांचं सगळं चाललेलं होतं. दुसरं काय होतं त्या दोन खोल्यांत?

"आन आलं तर?" मी म्हणालो.

त्यांनी पाटी पालथी घातली.

नाताळच्या दोन दिवस आधी गायनसंघ हिर्डोशीला जातो. तिथं मंडळीतलं एकच घर आहे, शांतवनमामांचं. मामांना आता प्रवास झेपत नाही, म्हणून गायनसंघच त्यांच्या अंगणात जाऊन गाणी म्हणतो. शहरात ही गाणी घरोघरी रात्री म्हणतात म्हणे. आमची दुपारीच, कारण हिर्डोशीहून परतायला अडीचची एसटी, आणि ती गेली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही.

आम्ही बाराजण आणि शिष्टर पेटी-तबल्यासकट पोचलो. मामा घोंगडी पांघरून खाटेवर बसलेले. शेजारपाजारची भातं झोडून झालेली होती, त्यामुळे बायका-माणसं निवांत होती. ती दरवर्षी येतात. मामांच्या शेजारच्या तानाबाई नाचणीच्या गरम भाकऱ्या आणि पिठलं घेऊन आल्या आणि समोर पाय पसरून बसल्या. "म्हना आता," त्या म्हणाल्या. "मागल्या साली ते शेवटलं चांगलं झालं हुतं, ते दोनदा म्हना."

शिष्टर अंगणाच्या कडेला, कुडाच्या फाटकापाशी उभ्या राहिल्या. तिथून त्यांना आम्हीही दिसत होतो आणि रस्ताही. एसटी पिंपळाखाली उभी होती. सव्वादोन वाजले होते, आम्ही तानाबाईंचं ते शेवटलं गाणं दुसऱ्यांदा म्हणत होतो. माझे डोळे शिष्टरांच्या हातांवर. तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात जोरजोरात वर उडवले.

आवाज वाढवा. आम्ही वाढवला.

त्यांनी आणखी उंच हात केले, पाटीसुद्धा हवेत नाचवली. मी मनात म्हटलं, आज शिष्टर खूश आहेत. सुधाकर सरांनी भाता सगळा मोकळा सोडला, मी तबल्यावर तुटून पडलो, बाकीचे गळे डोंगराला ऐकू जातील असे लागले. शिष्टरांनी पायानं धूळ उडवली. आम्ही त्याहून वर गेलो. गाडी सुरू झाल्याचा आवाज आम्हाला आलाच नाही, आम्हीच एवढा गजर करत होतो. ड्रायव्हर पंधरा मिनिटं आधीच निघाला होता.

आणि मग फाटकापाशी कुणीतरी गरजलं.

"ए ड्रायव्हर! थांबव गाडी! थांबव म्हणते ना!"

जाड, घोगरा, खर्जातला आवाज. आमच्या भजनातल्या कुठल्याही बुवाला शोभला असता. एसटी कचकन थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि थेट माझ्याकडं बघितलं.

"आवं पाव्हनं, वरडताय कशाला? थांबलोय की!"

"म्या न्हाई वरडलो," मी म्हणालो. सुधाकर सरांनीही मान हलवली.

तानाबाई उठून उभ्या राहिल्या. "आरं, ती शिष्टर वरडली! आपली शिष्टर!"

शिष्टर पाठमोऱ्या उभ्या होत्या, एक हात गळ्यावर. त्या सावकाश वळल्या. "दत्ता," त्या म्हणाल्या. थांबल्या, जणू आवाज परत गेला की काय ते बघत होत्या. "सुधाकर." मग "रूथ." मग एकेकाचं नाव, हजेरी घेतल्यासारखं, बाराजणांचं. प्रत्येक वेळी आवाज आला. रूथ धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. मला रडू आलं, सरळ सांगतो, आणि तबल्याची गवसणी चढवायचं निमित्त करून मी ते पुसलं. शांतवनमामांना नीट ऐकू येत नाही, ते विचारत होते, "गानं का थांबवलं?"

गाडीत शिष्टर गप्प बसल्या नाहीत. सात-आठ आठवड्यांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. कंडक्टरनं तिकिटं मागितली, तर त्यालाच दात किडलेत म्हणून ऐकवलं. सुधाकर सरांना चकलीवरून बोलल्या. वाटेतल्या धरणाचं पाणी खिडकीतून दिसायला लागलं, तसं त्यांनी बाहेर तोंड करून हळूच पहिली ओळ लावून बघितली. जुन्या जागी काहीच नव्हतं, नुसता श्वास गेला. पुन्हा लावली, पुन्हा तेच. दोन-तीन वळणं तशीच गेली. मग त्यांनी तीच ओळ एकदम खाली, पुरुष म्हणतात तिथं लावली. ती लागली. घोगरी होती, पण सरळ होती.

"रूथ, पहिली ओळ तू म्हणायचीस," त्या म्हणाल्या.

"मावशी, पुढच्या वर्षीपर्यंत तुमचा आवाज परत वर..."

"नर्स मी आहे का तू?"

रूथ रडायला लागली. शिष्टरांनी तिचं मनगट धरलं आणि घड्याळाकडं बघितलं.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीनं त्यांना नाशिकला नेलं. तिकडंही एका गायनसंघात शिरल्यात, असं रूथ सांगते. मला त्या पुन्हा भेटल्या नाहीत, त्यामुळे माझ्या डोळ्यासमोर येतात त्या त्याच नाताळच्या सकाळच्या.

मी तबला लावून बसलो होतो. शिष्टर आल्या आणि बायकांची बाजू सोडून सरळ पुरुषांच्या बाजूला, माझ्या शेजारी येऊन बसल्या. पाळकसाहेब चपापले. "शिष्टर, इकडं?"

"गळा पुरुषाचा मिळालाय, पाळकसाहेब. मग बाक कुणाचं घेऊ?"

पाळकसाहेब हसले आणि आपल्या जागेवर गेले. चर्च शांत झालं. मागं दारात रूथ उभी होती. शिष्टरांनी मागं वळून बघितलं नाही, पण बाकाची कड घट्ट धरली होती. रूथनं सुरुवात केली. पहिला शब्द जरा थरथरला, मग सूर बसला. सुधाकर सरांचं बोट काळी चारवर होतं. ओळ संपली, पेटी उठली, मी समेवर आलो, मंडळी उभी राहिली, आणि माझ्या कानाशी शिष्टरांचा तो जाड आवाज सगळ्या पुरुषांच्या वर चढून लागला. त्या मोकळ्या गळ्यानं गात होत्या, डोळे मिटून, शेवटच्या कडव्यापर्यंत.

गाणं संपल्यावर सगळे खाली बसले. त्या माझ्याकडं झुकल्या.

"दत्ता, एवढी वर्षं ती ओळ म्हणून होईपर्यंत माझ्या पोटात गोळा असायचा. दर वर्षी. कुणाला सांगितलं नाही." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आज पहिल्यांदा मी ती नुसती ऐकली. किती चांगली आहे रे!"